जहाजांच्या तळाचा विषारी रंग

धाराशिव जिल्ह्यास समुद्र लाभलेला नसला, तरी समुद्राची आस्था ही काही किनारवासीयांचीच मिरास नव्हे, म्हणून ही हकीकत आवर्जून लिहितो. जहाजाच्या तळास शेवाळ व शंखशिंपले चिकटले, की वेग मंदावून इंधनाचा खर्च वाढतो. त्यांस अटकाव करण्यासाठी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायब्यूटिलटिन या कथिलयुक्त विषाचे रंग सर्रास वापरले जात. हे विष पाण्यात झिरपून बंदराच्या गाळात साचते, आणि त्याच्या अत्यल्प अंशानेही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटून, विकार बळावल्यास, प्रजननच खुंटते (किती दारुण हा विपर्यास!). गोव्याच्या किनाऱ्यावरील ‘क्रोनिया कोंकणेन्सिस’ या जातीत हा विकार आढळल्याची नोंद १९९९ साली प्रसिद्ध झाली. २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने या रंगांवर घातलेल्या बंदीचा अंमल २००८ पासून सुरू झाला. सध्याचे तांबेयुक्त रंगही निर्दोष नाहीत; विषाविना केवळ गुळगुळीतपणाने जीवांस चिकटू न देणारे सिलिकॉनचे लेप मला अधिक श्रेयस्कर वाटतात.