पाटाने जावे, पाणंदीने यावे



पाळी सुटली की आपण मोटारसायकलीवरून आपल्या दाऱ्यापर्यंत जातो, पाणी लावतो आणि परत येतो. दाऱ्याच्या वर पाट कसा आहे आणि खाली कसा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी पायी फिरून पाहिले असेल. म्हणून या अंकात एक साधी गोष्ट सुचवीत आहोत. वर्षातून निदान दोनदा, पाळी चालू असताना, शेजारच्या चार-पाच सभासदांनी मिळून शिवारफेरी काढावी. जाताना पाटाच्या भरावावरून जावे आणि येताना शेतातल्या गाडीवाटेने, पाणंदीने यावे. चार-पाच मैलांचा फेरा होतो. सकाळी थंड वेळी निघाले तर न्याहारीपर्यंत माणूस घरी परत येतो.

हा फेरा गोल का, ते आधी समजून घेऊ. कालवा नेहमी उंचावरून, जमिनीचा चढ राखून नेलेला असतो. भिजणारे शिवार त्याच्या खाली, नदी-नाल्याकडे उतरते. म्हणून वर पाटाच्या कडेला जे बिघडते, त्याचा परिणाम खाली पाणंदीत दिसतो. नुसता पाट पाहिला तर रोग दिसतो, नुसती पाणंद पाहिली तर दुखणे दिसते. दोन्ही एका फेरीत पाहिल्याशिवाय त्यांचा संबंध ध्यानात येत नाही.

गिरणा खोऱ्याचेच उदाहरण घ्या. नांदगाव तालुक्यातले गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून चाळीसगाव तालुक्यातल्या जामदा बंधाऱ्यावर येते आणि तिथून डाव्या व उजव्या कालव्यात वळते. पुढे वितरिका, चारी, शेतचारी असा प्रवास करून ते आपल्या सरीत पोचते. एवढ्या लांबच्या वाटेत शेवटच्या दोन-चार मैलांची राखण आपल्याच हाती असते, आणि नेमके तिथेच आपण फिरकत नाही. शेपटाकडच्या गावांत मग नेहमीचे बोलणे ऐकू येते, "पानी सुटस, पन आमना वावरले पोचत नही."

विलायतेत जुन्या कालव्यांच्या काठाने अशीच वाट असते. तिथले कालवे मालवाहतुकीसाठी खोदलेले. घोडा काठाने चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. आता माल रेल्वेने नि मोटारीने जातो आणि त्या वाटांवर लोक हवा खायला फिरतात. आपल्या पाटावरची वाट मात्र पाण्यावर नजर ठेवण्यासाठीच केलेली आहे. ती वापरात नसली की वेडी बाभूळ वाढते, आणि बाभळीमागे पाट काय करतो ते कोणालाच कळत नाही.

आपल्या धुळे जिल्ह्याला ही चाल नवी नाही. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत जागोजागी बंधारे बांधून पाट काढलेले आहेत. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी फड पालटायचे, ही जुनी रीत. उसाचा फड ठरला की तो सगळ्यांचाच उसाचा. पाणी वाटायला पाटकरी असे, राखणीला जागल्या असे, आणि पाटाचा गाळ काढायला लाभधारक मिळून जात. पाटकऱ्याचे रोजचे पाटावरून चालणे हाच त्या व्यवस्थेचा कणा होता. आम्ही सांगतो ती फेरी म्हणजे त्याच चालण्याची आठवण आहे.

आता फेरीत पाहायचे काय?

१) भरावात उंदीर-खेकड्यांची बिळे, झाडांच्या मुळांनी पडलेल्या भेगा, खचलेले अस्तर.

२) पाटात वाढलेले पाणकणीस आणि लव्हाळा, साचलेला गाळ. पाणी यामुळे तुंबते आणि भरावावरून सांडते.

३) दारे नीट बंद होतात का, कुठे भराव फोडून पाणी घेतले आहे का.

४) भरावाच्या खालच्या अंगाला ओल, हिरवे गवत, पांढरे पडलेले रान. पाझर तिथेच असतो. फार दिवस असे राहिले तर जमीन पाणथळ नि चोपण होते.

गळती डोळ्यांनी दिसली तरी किती, ते सांगता येत नाही. त्यासाठी सोपी मोजणी करावी. पाटाचा सरळ, सारख्या रुंदीचा तुकडा निवडून १०० फुटांवर दोन खुणा कराव्यात. वाळकी काडी सोडून ती किती सेकंदांत जाते ते घड्याळावर पाहावे. समजा पाण्याची रुंदी ६ फूट, सरासरी खोली दीड फूट, आणि काडीला लागले ८० सेकंद. म्हणजे वरच्या थराचा वेग सेकंदाला १.२५ फूट. तळाचे पाणी सावकाश चालते, म्हणून त्याला ०.८५ ने गुणावे. ९ चौरस फुटांनी गुणले की सुमारे साडेनऊ क्युसेक येतात. मैलभर खाली, मधली सर्व दारे बंद असताना, तेवढ्याच रुंदी-खोलीत काडीला ९२ सेकंद लागले, तर पाणी सव्वाआठ क्युसेक उरले. सव्वा क्युसेक वाटेत गेले.

सव्वा क्युसेक ऐकायला थोडे वाटते. पण एक क्युसेक पाणी २४ तास चालले की सुमारे २४ एकर-इंच होते. ३ इंचांची पाळी धरली तर सव्वा क्युसेकात दिवसाला १० एकर ऊस भिजतो. खानदेशच्या वैशाखात हा दहा एकर ऊस वाचणे नि वाळणे यातला फरक आहे.

काही सभासद म्हणतील, "पाझर वाया कुठे जातो? आमच्या विहिरीत तर येतो!" हे अगदी खोटे नाही. पाटाजवळच्या विहिरींना पाझराचा आधार असतो. पण तो वरच्यांनाच मिळतो, शेपटाच्या शेतकऱ्याला नाही. शिवाय २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थेला पाणी मोजून, घनमापनाने मिळते. मोजणीच्या खाली जे गळते ते सरकारचे गळत नाही, आपल्याच कोट्यातून जाते. शेजपाळी शेपटाकडून सुरू करतात तीही याच कारणाने, की खालच्याचा हक्क वरच्याच्या मर्जीवर राहू नये.

आता परतीची वाट. पाझर जिथे रस्त्यावर उतरतो तिथे चिखल होतो. गळितात ट्रॉली फसते, तोडणी टोळी खोळंबते, तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो. चारीवरची मोरी खचलेली असेल तर बैलगाडीही अडते. एका भोकाने वर पाणी घालवले आणि खाली वजन घालवले!

पाणंदीवर अतिक्रमण असेल तर भांडणाआधी गावनकाशा पाहावा. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो.

एक गोष्ट मात्र पाळावी. फेरीत दाराला, गेटाला कोणी हात लावू नये. तो गुन्हा आहे, आणि त्याने भांडण वाढते. सोबत वही, घड्याळ, मापाची टेप एवढेच न्यावे. वरचा एक आणि शेपटाचा एक सभासद बरोबर असावाच. वरच्या भाऊंनी शेपटाचे वाळलेले शिवार आणि शेपटाच्या आबांनी वरचा पाझर डोळ्यांनी पाहिला, की निम्मे भांडण तिथेच मिटते. आढळलेले दोष जागेसह लिहून पाणी वापर संस्थेकडे, संस्था नसेल तर पाटबंधारे शाखेकडे द्यावेत आणि पोच घ्यावी. पुढच्या फेरीत तीच वही घेऊन निघावे.