नवी झडप आणि ऊनोदरी : रिफ्लक्सच्या शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने

व्यापारी कुटुंबांत 'घशाशी येणे' ही तक्रार इतकी अंगवळणी पडलेली असते की तिला सहसा कोणी आजार मानत नाही. गल्ल्यात सुट्या पैशांशेजारी पित्ताच्या गोळ्यांची पट्टी ठेवून वर्षानुवर्षे काम भागवले जाते. बहुतेकांना औषध आणि नियमित आहार पुरतो. मात्र जठराचा काही भाग श्वासपटलातून छातीत सरकलेला असेल, पूर्ण औषध घेऊनही खाल्लेले वर येत असेल किंवा जन्मभर गोळ्या घेणे नको असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे येतो. शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर घरात पुष्कळ खल होतो. तिच्यानंतर अन्ननलिकेचे काय होते, हा विषय मात्र राहून जातो. रुग्णाची खरी घालमेल याच नंतरच्या काळात होते.

अन्ननलिका म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास गिळताच आकुंचनाची एक लाट वरून खाली सरकते आणि साधारण ८ ते १० सेकंदांत घास जठरात पोहोचवते. नळीच्या तळाशी असलेला वर्तुळाकार स्नायू घास येताच उघडतो आणि लगेच मिटतो. श्वासपटलाचाही त्याला बाहेरून आधार असतो. हा दरवाजा सैल पडला, की जठरातील आम्ल वर चढते आणि अन्ननलिकेचे नाजूक अस्तर पोळते.

या दरवाजाला बळ देण्याची पद्धत रुडॉल्फ निसेन या जर्मन शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाते. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून ते इस्तंबूलला गेले होते. तेथे १९३६ साली एका रुग्णाच्या अन्ननलिकेची जोडणी सुरक्षित राहावी म्हणून त्यांनी ती जठराच्या घडीने वेढली. त्या रुग्णाचा आम्लाचा त्रासही नाहीसा झाल्याचे त्यांना पुढे आढळले. याच अनुभवावरून १९५५ साली बाझेल येथे त्यांनी खास रिफ्लक्ससाठी ही शस्त्रक्रिया केली. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या तळाभोवती पूर्ण गुंडाळायचा, हे तिचे सूत्र. १९९१ पासून ती दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होऊ लागली.

वेढा पूर्ण घालायचा की अर्धवट, हे ठरवताना मॅनोमेट्री ही चाचणी महत्त्वाची असते. तिच्यात गिळण्याच्या लाटेची ताकद मोजली जाते. लाट दुबळी असेल, तर शल्यविशारद बहुधा २७० अंशांचा अर्धवट वेढा पसंत करतात. कारण दुबळ्या लाटेला घट्ट दरवाजातून घास ढकलणे जड जाते. ही चाचणी आणि २४ तासांची आम्लमापन चाचणी खर्चिक वाटली, तरी त्या टाळू नयेत.

शस्त्रक्रियेनंतर जळजळ बहुधा लगेच थांबते. परंतु घास छातीत अडकल्यासारखा वाटू लागतो. 'ऑपरेशन बिघडले' ही शंका घरात याच वेळी डोकावते. वास्तविक टाक्यांभोवती सूज असते आणि अन्ननलिकेला अधिक घट्ट दरवाजाची सवय व्हायची असते. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत उतरतो, काहींना दोन-तीन महिने लागतात. आम्लाचा मारा थांबल्याने अस्तर भरून येते आणि काही रुग्णांत लाटेची ताकदही सुधारते. तीन महिन्यांनंतरही घास अडकत असेल, तर पुन्हा तपासणी करावी. दरवाजा फुग्याने थोडा रुंद केल्यास अनेकांना आराम पडतो. पुन्हा शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

या काळातील आहार जैन स्वयंपाकघराला अवघड नाही. आरंभी पातळ पदार्थ : मुगाचे पाणी, दुधीचे गाळलेले सूप, राब, पातळ ताक. पुढे मऊ मूग-भात, शिजवून घोटलेला दलिया, पिकलेली पपई. खाखरा, भाकरी, पाव, कोरडी पोळी आणि फरसाण यांना साधारण चार ते सहा आठवडे विश्रांती द्यावी. घास लहान घ्यावा, शांतपणे चावावा, पाणी घोट घोट प्यावे. मोठ्या गोळ्यांऐवजी पातळ औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

व्रतांचा विचार येथे बारकाईने करायला हवा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम या रुग्णांना अनुकूलच आहे. झोपेपूर्वी पोट रिकामे होण्यास वेळ मिळतो. बाह्य तपांतील ऊनोदरी, म्हणजेच अवमौदर्य, तर या काळाचे पथ्यच म्हणावे : भुकेपेक्षा दोन घास कमी. याउलट एकासणे आणि आयंबील यांत दिवसाचा सगळा आहार एका बैठकीत घेतला जातो. नव्या वेढ्याने जठर थोडे आवळलेले असते, त्यामुळे थोडे थोडे पाच-सहा वेळा खाणे आवश्यक असते. म्हणून ही तपे डॉक्टरांची संमती मिळेपर्यंत थांबवावीत. चौविहार असेल, तर औषधांच्या वेळा आणि दिवसभरातील पाणी यांचा मेळ आधीच बसवून घ्यावा. पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत आणि आजारपणात समाधी टिकावी, यासाठीही त्यांत वाव आहे. मनात किंतु असेल, तर गुरुमहाराजांना विचारावे. आजार लपवून तप करू नये.

ढेकर न येणे, पोट फुगणे आणि उलटी करता न येणे हे या शस्त्रक्रियेचे ज्ञात परिणाम आहेत. सोडा आणि शीतपेये टाळावीत, घाईघाईने गिळू नये. धान्याची पोती किंवा कापडाच्या गाठी चार ते सहा आठवडे उचलू नयेत. पोटावर जोर आला, तर टाके सैल होण्याचा धोका असतो. थुंकीही गिळता येईनाशी झाली, सतत उमासे येऊ लागले, ताप चढला, छातीत वा पोटात तीव्र वेदना झाली किंवा धाप लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ही शस्त्रक्रिया पुन्हा बेबंद खाण्याचा परवाना देत नाही. स्वीडनमध्ये २,६५५ रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १८ टक्के रुग्णांना रिफ्लक्स पुन्हा झाल्याचे दिसले. त्यांतील बहुतेकांना औषधे पुन्हा सुरू करावी लागली. अन्ननलिकेच्या अस्तरातील पेशींत आधीच बदल झालेले असतील, तर दुर्बीण तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. दुकान मुलांवर सोपवून तीन महिने सावकाश जेवता आले, तर ती सवय पुढेही टिकवावी. शल्यविशारद दरवाजा दुरुस्त करून देतात; त्यातून किती आणि केव्हा आत जाऊ द्यायचे, हे घरातल्या ताटावरच ठरते.