हिशेबाची वही आणि फोनमधलं चित्र

रेडिओवर चित्राची गोष्ट सांगायची म्हणजे फोनवरून भाजी निवडण्यातला प्रकार आहे. पण आज तेच करणार आहोत, कारण आमच्या गटात तशी वेळ आली.

आमच्या गटातल्या एक मावशी पार्ले पूर्वेला पोळी-भाजीचे डबे देतात. डब्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला त्यांच्या खात्यात येतात. केवायसी राहिली म्हणून ते खातं अडलं. शाखेत जायचं तर सकाळचे डबे बुडतात, म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉलवरून केवायसी करायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये ही सोय मान्य केली आहे. कॉलवर समोरचा अधिकारी आपला चेहरा पाहतो आणि पॅन कार्डाचा स्पष्ट फोटो टिपतो. मावशींचा कॉल दोनदा फुकट गेला. "कार्डावरची अक्षरं दिसत नाहीत, हलवू नका," असं समोरून सांगत राहिले, मग चित्र गोठलं आणि कॉल तुटला. मावशी आम्हाला म्हणाल्या, "माझेच हात थरथरतात. हे शिकलेल्यांचं काम, आपलं नव्हे."

हे वाक्य आम्हाला लागलं. म्हणून फोनमध्ये नेमकं होतं काय, ते आम्ही समजून घेतलं. ते समजायला आपली बचत गटाची वहीच उपयोगी पडली.

आधी थोडं गणित. व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले स्थिर फोटो. अशा एका फोटोला फ्रेम म्हणतात. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावात लागला, तेव्हा फिल्मच्या पट्टीवरची प्रत्येक फ्रेम हा एक पूर्ण फोटो होता. फोनने तसं करायचं ठरवलं तर? 1280 गुणिले 720 ठिपक्यांची एक फ्रेम, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे 2.8 एमबी. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 69 एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक आपला जेमतेम 22 सेकंदांत संपेल! म्हणून व्हिडिओ दाबून लहान करावा लागतो. त्यालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

आता वही उघडू या. वर्षाच्या सुरुवातीला आपण एक पूर्ण पान लिहितो: सगळ्या बायकांची नावं, प्रत्येकीची बचत, कर्जाची बाकी, व्याज. पुढच्या बैठकीला ते सगळं पुन्हा लिहितो का? नाही. कुणी हप्ता भरला, कुणी नवं कर्ज घेतलं, तेवढंच लिहितो. बाकी "मागील पानाप्रमाणे".

फोन अगदी हेच करतो. पूर्ण पानाला म्हणतात आय फ्रेम. ती दुसऱ्या कुठल्याही फ्रेमवर अवलंबून नसते, म्हणून तीच सगळ्यांत जड असते. तिच्यातही काटकसर आहेच: डोळ्यांना न जाणवणारे बारीक फरक त्यात गाळले जातात. या कामी येणारी गणिताची रीत नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी 1974 मध्ये मांडली. त्यातले नासिर अहमद मूळचे बंगळूरचे.

नुसते बदल लिहिलेल्या पानाला म्हणतात पी फ्रेम. ती सांगते, "भिंत होती तशीच, हात मात्र चार बोटं उजवीकडे सरकला." तिला आधीची फ्रेम लागते, पण ती पुष्कळ हलकी असते.

तिसरी बी फ्रेम. ती मागचं पान पाहते आणि पुढचंही पाहते. मधल्या बैठकीची एखादी नोंद आपण पुढची पावती हातात आल्यावर, दोन्हीकडचे आकडे जुळवून, एका ओळीत भरतो ना? तसंच. दोन्ही बाजू ठाऊक असल्यामुळे मध्ये लिहायला फारच थोडं उरतं. बी फ्रेम बहुधा सगळ्यांत हलकी असते.

उदाहरणासाठी समजा, आय फ्रेम 60 केबीची, पी 20 ची आणि बी 8 ची आहे. बारा फ्रेममध्ये एक आय, तीन पी आणि आठ बी असतील तर बेरीज 184 केबी. बाराही पूर्ण फ्रेम पाठवल्या असत्या तर 720. म्हणजे खर्च जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आला. आकडे व्हिडिओप्रमाणे बदलतील, पण बचतीची रीत हीच.

मग सगळीकडे बी फ्रेमच का वापरत नाहीत? कारण पुढचं पान हाती येईपर्यंत मधली ओळ भरता येत नाही, थांबावं लागतं. सिनेमा पाहताना त्याने काही बिघडत नाही. पण बोलताना आवाज पोचायला साधारण 150 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला, की आपण एकमेकींच्या बोलण्यावर बोलायला लागतो. 25 फ्रेमच्या हिशेबात दोन फ्रेम थांबायचं म्हणजे 80 मिलिसेकंद तिथेच गेले. म्हणून व्हिडिओ कॉलमध्ये बी फ्रेम सहसा टाळतात. कॉल आय आणि पी यांच्यावर चालतो.

क्रिकेटच्या दिवशी शेजारी केबलवर "आउट!" ओरडतात आणि आपल्या फोनवर गोलंदाज अजून धावतच असतो. तो उशीर वेगळा. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण बहुधा काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं, प्रत्येक तुकडा आय फ्रेमने सुरू होतो आणि अडखळू नये म्हणून फोन दोन-तीन तुकडे आधी साठवून घेतो. सहा सेकंदांचे तीन तुकडे म्हटले तरी अठरा सेकंद झाले.

आता मावशींच्या कॉलकडे येऊ. वहीतलं एक पान फाटलं तर पुढच्या सगळ्या बाकी चुकतात, नवं पूर्ण पान लिहीपर्यंत चुकतच राहतात. कॉलमध्ये एक पी फ्रेम वाटेत हरवली की पुढचं चित्र फाटतं किंवा गोठतं. मग आपला फोन समोरच्या फोनकडे नवी आय फ्रेम मागतो. पण ती जड. नेटवर्क आधीच कमजोर असेल तर ती यायलाही वेळ लागतो. तो गोठलेला क्षण यातून येतो.

आणि अक्षरं का पुसट होतात? कार्ड हललं की जवळजवळ प्रत्येक ठिपका बदलतो. लिहायच्या नोंदी एकदम वाढतात, पण पाठवायला जागा तेवढीच. मग फोन बारकावे सोडून देतो, आणि बारकावे म्हणजेच नेमकी कार्डावरची अक्षरं. कार्ड स्थिर राहिलं की पुढच्या फ्रेममध्ये नवीन लिहायला काही नसतं. उरलेल्या जागेत फोन सुटलेले बारकावे भरत जातो आणि अक्षरं उमटतात. मावशी मात्र "दिसत नाही" ऐकलं की कार्ड पुढे-मागे करायच्या. कुणीही तेच केलं असतं.

मागे फिरणारा पंखा किंवा वाऱ्यावर हलणारी वाळत घातलेली साडी हाही बदलच, त्याचीही नोंद होते. अंधारात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणे येतात. ते प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असतात, म्हणून फोन त्यांच्यावरही जागा घालवतो.

तिसऱ्या वेळी आम्ही मावशींना दुपारी खिडकीसमोर बसवलं. उजेड चेहऱ्यावर, मागे मोकळी भिंत. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. घरातल्या दुसऱ्या फोनवरचे व्हिडिओ बंद करायला लावले. कोपरं टेबलावर टेकवून कार्ड धरायचं आणि मनात पाचपर्यंत मोजायचं, असं ठरलं. काम झालं. त्या वेळी नेटवर्कही बरं असेल, सगळं श्रेय आम्ही घेत नाही. पण मावशींनी त्यानंतर दुसऱ्या दोघींना स्वतः बसवून त्यांची केवायसी करून दिली.

तुमच्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी. बोलणं महत्त्वाचं असेल आणि नेटवर्क अडत असेल तर चित्र बंद करा. आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडा डेटा लागतो. व्हिडिओ पाहताना 720 ऐवजी 360 निवडलंत तर ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात. आपल्या पापड-मसाल्यांचा व्हिडिओ गिऱ्हाइकाला पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो पुन्हा दाबला जात नाही. डेटा मात्र जास्त लागेल. आणि व्हिडिओवर काम झालंच नाही तर शाखेत जाऊन केवायसी करता येते, हे विसरू नका.

मावशी गटाची वही बारा वर्षं सांभाळतात. आय, पी आणि बी समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, हे तर मी रोज करते." खरंच आहे. आता पुढच्या वेळी चित्र गोठलं तर "मला जमत नाही" म्हणायच्या आधी कार्ड स्थिर धरा आणि पाचपर्यंत मोजा.