संशोधनाचा आराखडा

शाळेंतील निबंधास विषय गुरुजी देतात. महाविद्यालयांत तो आपला आपण शोधावा लागतो, आणि तेथेंच पुष्कळांची पंचाईत होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीच्या चौथ्या वर्षीं संशोधनाची सोय केल्यापासून हा प्रसंग अधिक विद्यार्थ्यांवर येऊं लागला आहे. संशोधनास हात घालण्यापूर्वीं जो लेखी आराखडा सादर करावयाचा असतो, त्याविषयीं येथें थोडें लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

“ग्रामीण भागांतील पाणीटंचाई” हा विषय कानांस भारदस्त लागतो. परंतु त्यांत नेमकें काय शोधावयाचें, हें लिहिणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. त्याऐवजीं असें विचारावें: गांवच्या ओढ्यावर बंधारा घातला, तर त्याच्या लगतच्या विहिरींचें पाणी उन्हाळ्यांत लांबच्या विहिरींपेक्षां कमी खालीं जातें काय? असें विचारतांच कामाचें स्वरूप दिसूं लागतें. जवळच्या दहा व लांबच्या दहा विहिरी निवडाव्या. कांठापासून पाण्यापर्यंतचें अंतर ऑक्टोबरांत एकदां व मे महिन्यांत पुन्हां टेपानें मोजावें. कोणत्या विहिरीवर पंप किती तास चालतो तेंही टिपावें. दख्खनच्या काळ्या पाषाणांत पाणी भेगांतून व झिजलेल्या थरांतून वाहतें, त्यामुळें शेजारशेजारच्या विहिरींतही फरक पडतो. एकदोन विहिरींवर भिस्त ठेवून चालत नाहीं, तें याचसाठीं.

पूर्वीं कोणी काय केलें आहे, तेंही पाहावें. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यांतील निरीक्षण-विहिरींची पातळी नियमितपणें नोंदविते. त्या नोंदी न पाहतां लिहिलेला आराखडा परीक्षक बाजूस सारतील, आणि तें योग्यच होईल.

परंतु आमच्या मतें आराखड्याची खरी कसोटी निराळी आहे. उत्तर “नाहीं” असें येण्यास त्यांत वाव पाहिजे. इरावती कर्वे बर्लिन येथें संशोधन करीत होत्या, तेव्हांची गोष्ट पाहा. मनुष्याच्या कवटीच्या दोन्ही बाजू अगदीं सारख्या नसतात. ही विषमता युरोपीय लोकांत अधिक असावी, असा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा तर्क होता. बाईंनीं कवट्या मोजल्या, आणि वंशाचा व विषमतेचा असा संबंध दिसत नाहीं, हेंच लिहिलें. १९३० सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली. मापें घेण्याची रीत आधीं पक्की ठरलेली असली, म्हणजे मोठ्या माणसाच्या तर्काविरुद्ध बोलण्यास आधार सांपडतो. बंधाऱ्याचा उपयोग झाला नाहीं असें दिसलें, तर तेंही गांवाच्या कामाचें आहे. पुढील खर्च त्यावरून ठरेल.

राहतां राहिलें वेळापत्रक. वर्षाचा आरंभ महाविद्यालय ठरवितें, पाऊस मात्र आपल्या वेळेनें येतो. जूनमध्यें मंजुरी मिळाली तर मे महिन्याचें माप अकरा महिने दूर जातें, आणि तोंवर परीक्षा येऊन ठेपते. म्हणून आराखडा मार्चमध्येंच मार्गदर्शकांच्या हातीं पडावा हें बरें. खर्च फारसा नाहीं: टेप, वही व बसभाडें. विहीरमालकांची परवानगी आधीं घ्यावी. पालकांनींही एवढें पाहावें कीं, भर उन्हांत विहिरीवर वांकून माप घेतांना मुलगा वा मुलगी एकटी नसावी. सोबतीस कोण जाणार, तें आराखड्यांतच लिहून ठेवावें.