दंगलीतला कोरियन रेडिओ

29 एप्रिल 1992 च्या दुपारी कृष्णवर्णीय रॉडनी किंगला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि अंधार पडेपर्यंत लॉस एंजेलिसचा दक्षिण भाग पेटला. आगी उत्तरेला कोरियाटाउनपर्यंत पोचल्या. दुकानदारांनी पोलिसांना फोन लावले, पण मदत येईना. मग त्यांनी ‘रेडिओ कोरिया’ला फोन केले.

1989 मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने नेहमीचे कार्यक्रम थांबवले. फोन करणारा थेट प्रक्षेपणातच दुकानाचा पत्ता सांगे, जमाव कुठल्या रस्त्याने येतोय ते सांगे आणि ते ऐकून तरुण पोरं गाड्या काढून निघत. परदेशातली मायबोलीतली माध्यमं म्हणजे गावच्या आठवणींची सोय, असं आपण सहज धरून चालतो. पण दंगलीच्या त्या तीन-चार दिवसांत या शहरातल्या कोरियनांसाठी पोलीस ठाण्याचं काम रेडिओने केलं.

आपल्या भाषेतल्या माध्यमांवरच्या या विश्वासाची मुळं जुनी आहेत. 13 जानेवारी 1903 रोजी ‘गेलिक’ जहाजातून 102 कोरियन होनोलुलूला उतरले, उसाच्या मळ्यांवर राबायला. 1909 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘सिनहान मिनबो’ हे वृत्तपत्र निघालं. पुढच्याच वर्षी जपानने कोरिया गिळंकृत केला आणि मायदेशी जे छापता येत नव्हतं, ते अमेरिकेत छापलं जाऊ लागलं. 1965 च्या अमेरिकी कायद्याने स्थलांतराचे दरवाजे उघडल्यावर सोलच्या दैनिकांनी लॉस एंजेलिसमध्ये बस्तान बसवलं: 1969 मध्ये ‘हान्गुक इल्बो’, 1974 मध्ये ‘जुंगआंग इल्बो’. वाचक बहुतेक पदवीधर, पण इंग्रजी अडखळणारी. म्हणून किराणा, दारूचं दुकान नाहीतर लाँड्री. सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर उभं राहायचं, तर सोबतीला रेडिओच. कोरियन मालिका बघायच्या तर व्हिडिओच्या दुकानातून कॅसेटी भाड्याने आणायच्या.

रेडिओ ऐकून निघालेल्यांत अठरा वर्षांचा एडवर्ड ली होता. 30 एप्रिलच्या रात्री गोळी लागून तो गेला. लुटारू समजून आपल्याच माणसांनी ती झाडली होती, असं पुढे सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी कोरियन वर्तमानपत्रात रस्त्यावर पडलेल्या मुलाचा कृष्णधवल फोटो आला. आईने तो पाहिला आणि हा आपला नव्हे असं ठरवलं, कारण एडवर्डने पांढरा शर्ट घातला होता आणि फोटोतला काळा दिसत होता. तो काळेपणा रक्ताचा होता. ‘सा-इ-गु’ या 1993 च्या माहितीपटात ही आई स्वतः हे सांगते.

दंगलीत सुमारे 2,300 कोरियन दुकानांचं नुकसान झालं, 40 कोटी डॉलरच्या घरात.

तरीही मला वाटतं, या माध्यमांची खरी उणीव दंगलीआधीची आहे. मार्च 1991 मध्ये एका कोरियन दुकानदार बाईच्या गोळीने लताशा हार्लिन्स ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी ठार झाली. त्या संतापाच्या वर्षभरात कोरियन पानांवर जे छापलं गेलं, ते शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीला वाचता येत नव्हतं. पत्रकार के. डब्ल्यू. ली यांनी ही भिंत ओळखली होती. 1979 मध्ये त्यांनी ‘कोरियाटाउन’ हे इंग्रजी साप्ताहिक काढलं आणि 1990 पासून ‘कोरिया टाइम्स’ची इंग्रजी आवृत्ती सांभाळली. दंगलीच्या दिवसांत यकृत प्रत्यारोपणासाठी ते रुग्णालयात होते आणि खाटेवरून संपादन करत होते.

मालिका आता मोबाइलवर येतात, कॅसेटी गेल्या. पण जळालेलं दारूचं दुकान पुन्हा उघडताना महापालिकेने कोणत्या अटी घातल्या, हे सोलची वाहिनी सांगणार नाही. त्यासाठी त्याच शहरात राहणारा कोरियन बातमीदार लागतो, आणि त्याचं लिखाण इंग्रजीत नेणारा दुसराही.