दान गाडीचे, वजावट पैशाची

गेल्या आठवड्यात देणगीच्या पावतीवर काय काय असायला हवे ते पाहिले. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो: पैशांऐवजी गाडीच दिली तर? फुलपाड्यात पापडखिंड धरणाकडे जाताना कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावा, ताडपत्रीखाली एखादी जुनी मारुती धूळ खात उभी असायचीच. मुलगा परदेशात, बाबांना आता गाडी चालवणे होत नाही आणि एजंट भाव पाडून मागतो. मग घरात कुणीतरी म्हणते, त्यापेक्षा एखाद्या वृद्धाश्रमाला देऊन टाकू, तेवढाच करही वाचेल.

द्यायची तर जरूर द्या, पण कर एक रुपयाही वाचणार नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०जी पैशांत दिलेल्या दानालाच वजावट देते. गाडी, धान्य, कपडे, औषधे यांना पुण्य मिळेल, वजावट नाही. पैशांतही रोख दोन हजारांच्या वर गेलात की ती देणगी वजावटीतून बाद. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आणि कलमांचे आकडे बदलले, पण पैशाची अट सुटलेली नाही. शिवाय नवी करप्रणाली निवडली असेल, तर ही वजावट मुळातच मिळत नाही.

मग हा समज आला कुठून? बहुधा अमेरिकेतून, व्हॉट्सॲपवरून. तिथे संस्था दारातून गाडी उचलून नेते, लिलावात विकते आणि दात्याला फॉर्म १०९८-सी देते. पूर्वी लोक खटारा गाडीलाही पुस्तकातला चढा भाव लावून वजावट घेत. २००४ मध्ये तिथला कायदा बदलला. पाचशे डॉलरच्या वर दावा असेल, तर आता साधारणपणे संस्थेला विक्रीतून जेवढे मिळाले तेवढीच वजावट. न्यू जर्सीतल्या मुलाचा सल्ला त्याच्यापुरता बरोबर असतो. विरारच्या बाबांना तो लागू पडत नाही.

आपल्याकडचा सरळ मार्ग म्हणजे गाडी विका आणि पैसे दान करा. घरगुती वापराची गाडी ही वैयक्तिक वस्तू असल्याने तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. समजा, गाडीचे १,२०,००० रुपये आले. ८०जीची मान्यता असलेल्या संस्थेला ते सगळे बँकेतून दिले. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम वजा होते, म्हणजे ६०,०००. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकर धरून १८,७२० रुपये वाचले. अशा देणग्यांवर उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादाही असते, म्हणून या उदाहरणात इतर वजावटींनंतरचे उत्पन्न किमान बारा लाख धरले आहे.

संस्थेला खरोखर गाडीच हवी असेल, रुग्णांची ने-आण करायला वगैरे, तर कराचे विसरा आणि कागद सांभाळा. आपले लोक नेमके इथेच ढिले पडतात. चावी दिली, फोटो काढला, झाले! पण आरसीवर नाव तुमचेच असते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी पुढे कितीही हातांत गेली, तरी अपघाताच्या भरपाईला आरटीओच्या नोंदीतला मालक जबाबदार. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० भरा. मोटार वाहन कायद्यानुसार देणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. एमएच-४८ ची गाडी असेल, तर चंदनसारचे कार्यालय तुम्हाला लांब नाही. कर्ज फिटले असेल, तरी आरसीवर बँकेचा बोजा राहिला आहे का ते पाहा. फॉर्म ३५ शिवाय तो उतरत नाही. ई-चलनेही आधी भरा. फास्टॅग बंद करायला तर हमखास विसरतात. मग संस्थेची गाडी खानिवडे नाक्यावरून गेली की टोल तुमच्या खात्यातून.

आणि पंधरा वर्षे उलटलेली, सुरूही न होणारी गाडी असेल, तर संस्थेच्या गळ्यात मारू नका. तिचा विमा, पीयूसी, दुरुस्ती यांतच त्यांची देणगी संपेल. नोंदणीकृत भंगार केंद्रात ती द्या, जमा-प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा. भंगाराचे पैसे खात्यात आले की ते संस्थेला पाठवा. त्यावर वजावट मिळते.

पुढच्या आठवड्यात: आरसीवरचे मालक हयात नसतील, तर फॉर्म ३१.