आधी कुरण, मग गाय

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनसारख्या दुधाच्या राज्यात एखाद्याने गोठा सेंद्रिय करायचे ठरवले, तर पहिली दोन वर्षे गायींच्या दिनक्रमात फारसा फरक पडत नाही. बदलते ती जमीन. तिथल्या नियमानुसार रासायनिक खत किंवा तणनाशक शेवटचे पडल्यापासून ३६ महिने उलटल्याशिवाय त्या जमिनीतले पीक सेंद्रिय ठरत नाही. दुभत्या कळपाला मात्र १२ महिने पुरतात. तिसऱ्या वर्षी घरच्या शेतातली वैरण या कळपाला चालते, म्हणून हिशेब जमला तर शेत आणि गोठा दोन्ही एकाच वेळी सेंद्रिय होतात.

खरी कसोटी औषधांची. प्रतिजैविक दिलेल्या गायीचे दूध तिथे पुन्हा कधीच सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. शिक्का जाईल म्हणून आजारी गायीचा उपचार टाळणे, हाही नियमभंगच. तेव्हा आजार येऊच नये, अशी व्यवस्था लावावी लागते.

पोटातल्या जंतांचे पाहा. त्यांची अंडी शेणातून बाहेर पडतात, अळ्या दंवाच्या ओलीने गवतावर चढतात. पण बहुतेक बुडख्याजवळच राहतात. कुरणाचे तुकडे पाडून, गवत चार बोटे उरले असतानाच कळप पुढे हलवला, तर बऱ्याच अळ्या तोंडात जात नाहीत. मागाहून तिथे मेंढ्या चारल्या तर आणखी बरे, कारण गायीचे बहुतेक जंत मेंढीच्या पोटात तग धरत नाहीत. शिवाय आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणातून जाणे थांबले की शेणकिडे वाढतात, शेण जमिनीत पुरतात आणि अळ्यांचा आसराच मोडतो.

दुधातला फरकही गवताचाच. ब्रिटिश संशोधकांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये झालेल्या एकत्रित विश्लेषणात सेंद्रिय दुधात ओमेगा-३ सुमारे ५६ टक्के अधिक आढळले. हिरव्या पानात या मेदाम्लाचा कच्चा माल भरपूर असतो, मक्याच्या दाण्यात नगण्य. अमेरिकी नियमात वर्षातून किमान १२० दिवस चराई आणि त्या काळात चाऱ्यातल्या शुष्क पदार्थाचा सरासरी किमान ३० टक्के भाग कुरणातून, ही अट आहे. तरीही दुधात ओमेगा-३ मुळात थोडेच. त्यासाठी जवस किंवा मासळी सोडू नये.

आपल्याकडे उसाच्या वाढ्यांवर आणि विकतच्या पेंडीवर चालणाऱ्या गोठ्याने सेंद्रियची वाट धरताना प्रमाणपत्राच्या अर्जाआधी वर्षभराच्या वैरणीचा हिशेब मांडावा. तो जुळला नाही, तर अर्ज करून उपयोग नाही.